कांदा-लसूण चटणीचा धंदा: आतलं काय, बाहेरचं काय आणि नुकसान नेमकं कुठून येतं

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे दीडशे किलो चटणी पाकिटं भरून तयार होती. गणपतीची ऑर्डर होती, निम्मी पुण्याची आणि निम्मी ठाण्याची. शाहूपुरीतल्या तळमजल्याच्या गाळ्यात जमिनीवर फळ्या टाकून त्यावर खोकी रचली होती. त्याच आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरचा बाहेरचा संपर्क तुटला. गाळ्यात गुडघाभर पाणी शिरलं. खालचे दोन थर गेले. वरची खोकी कोरडी राहिली, पण ती न्यायला रस्ताच नव्हता. रस्ता उघडेपर्यंत पुण्याच्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल घेतला होता.

वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते की पुरानं माझं नुकसान केलं. पुढच्या उन्हाळ्यात वही घेऊन शांतपणे बसले तेव्हा वेगळंच दिसलं. पूर बाहेरून आला होता, पण नुकसान केलं आतल्या तीन गोष्टींनी. माल जमिनीलगत होता, सगळा माल एकाच जागी होता आणि घरातला सगळा पैसा त्याच मालात अडकला होता. पूर आमच्या हातात नाही. या तिन्ही गोष्टी होत्या.

धंद्यावर परिणाम करणारे घटक आतले आणि बाहेरचे असे दोन प्रकारचे असतात, हे कुठल्याही प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगतात. दोन याद्या करायला लावतात आणि विषय संपतो. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते: बाहेरचा प्रत्येक धक्का आत कुठल्या दारातून शिरतो ते शोधणं. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरण माझ्याच धंद्याचं घेते. लोणचं, फराळ, पापड यांतलं काही करत असाल तरी पायऱ्या याच राहतील, वस्तू बदलतील.

(कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आम्ही जिला चटणी म्हणतो तिला तुमच्याकडे कांदा-लसूण मसाला म्हणतात. उन्हाळ्यात वर्षाची कुटून ठेवतात.)

आधी जवळ काय हवं

- जाड पुठ्ठ्याची, रेघांची वही. मोबाईल चालेल, पण वही कुणाच्याही हातात देता येते
- गेल्या सहा महिन्यांची खरेदीची बिलं, नसतील तर आजपासून जमवा
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा, पडताळणीचा शिक्का असलेला काटा
- आधार, पॅन, जागेचं वीजबिल किंवा भाडेकरार, पासपोर्ट आकाराचे फोटो
- धंद्यासाठी वेगळं बँक खातं आणि त्याच खात्याचा क्यूआर कोड
- सलग बसायला दोन तास

पायरी १: दोन पानं नव्हे, तीन पानं करा

पहिल्या पानावर आतलं: चटणीचं प्रमाण, काम करणारी माणसं, पैसा, जागा आणि यंत्रं, आणि तुम्ही स्वतः. हे शेवटचं बहुतेक जणी लिहीत नाहीत. माझा धंदा एका बाईच्या कंबरेवर उभा आहे आणि ती कंबर माझी आहे, हे कागदावर आल्याशिवाय मला पटलं नव्हतं.

दुसऱ्या पानावर बाहेरचं, पण जवळचं: गिऱ्हाईक, दुकानदार, मिरचीचा व्यापारी, डंकवाला (मसाला कुटायच्या यंत्राचा), कुरिअर, गल्लीतली दुसरी चटणीवाली. ही माणसं तुमच्या हुकमात नाहीत, पण त्यांच्याशी बोलता येतं, ठरवता येतं आणि पटलं नाही तर बदलताही येतं.

तिसऱ्या पानावर बाहेरचं आणि लांबचं: पाऊस, सरकारचे नियम, आयात-निर्यातीचे निर्णय, गॅसचा दर, सणांच्या तारखा. यांच्याशी बोलता येत नाही. त्यांच्यावर नजर ठेवता येते, एवढंच.

नवख्यांची चूक इथेच होते. दुसऱ्या पानावरची गोष्ट तिसऱ्या पानावर जाते. "दुकानदार पैसे उशिरा देतात, काय करणार, बाजारच तसा आहे" असं आपण म्हणून टाकतो. तो बाजार नसतो, तो एक माणूस असतो आणि त्याच्याशी आपण आधी काही ठरवलेलं नसतं.

पायरी २: प्रमाण वजनात लिहा

माझ्या सासूबाईंचं प्रमाण पायलीत आणि मुठीत होतं. त्यांच्या हाताला ते बरोबर कळायचं. पण दोन मदतनीस आल्या की तीन हात होतात आणि तीन चवी होतात. एक आठवडा मी प्रत्येक मूठ काट्यावर मोजली. मिरची, धणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण, मीठ, खडा मसाला, सगळं ग्रॅममध्ये लिहिलं. कोणता जिन्नस किती वेळ आणि कुठल्या रंगापर्यंत भाजायचा, हेही लिहिलं.

कांद्याकडे खास लक्ष द्या. कांदा कडकडीत तळला गेला नाही तर चटणीत ओल राहते, आणि ओल राहिलेल्या चटणीला पावसाळ्यात बुरशी धरते. गिऱ्हाईक म्हणतं, हवा दमट होती. हवा बाहेरची, पण कांदा आतला.

डंकावर कुटायचं की पल्वरायझरवर दळायचं, हाही आतलाच निर्णय. पल्वरायझर वेगाने चालतो, त्यात मसाला तापतो आणि वास उडतो. डंकाला वेळ आणि मजुरी जास्त लागते. मी डंकावरच कुटते आणि त्याचे पैसे भावात धरते. तुम्ही काहीही निवडा, पण हंगामाच्या मध्ये बदलू नका. गिऱ्हाइकाच्या जिभेला दुसऱ्याच दिवशी कळतं.

प्रत्येक घाण्याला बॅच नंबर द्या. तक्रार आली की सगळा माल परत मागवावा लागत नाही, तेवढाच घाणा काढता येतो.

पायरी ३: खरा खर्च काढा

समजा १० किलो मिरची २०० रुपये किलोने आणली. देठं काढली, उन्हात वाळवली, ९ किलो उरली. तुमची मिरची २०० ची राहिली नाही, ती २२२ ची झाली. हा हिशेब प्रत्येक जिनसाचा करा. लसणाची सालं, खोबऱ्याचा खवट तुकडा, डंकाच्या उखळात राहणारी चटणी, सगळं धरा.

आता स्वतःची मजुरी. समजा तुम्ही दिवसाचे ५०० रुपये धरले आणि दिवसाला २० किलो माल होतो, तर किलोमागे २५ रुपये तुमचे. "मी घरचीच आहे, माझे कशाला?" असं म्हणाल, तर ज्या दिवशी तुम्ही आजारी पडाल आणि बाहेरची बाई लावाल, त्या दिवशी धंदा तोट्यात जाईल. तो तोटा आजारपणाने आलेला नसेल, तो पहिल्यापासून होता.

मग एक वाक्य वहीत ठळक लिहा: मिरची ५० रुपयांनी वाढली तर माझी चटणी किती रुपयांनी वाढते? चटणीत निम्मी मिरची आणि वरची घट धरली तर उत्तर अठ्ठावीसच्या आसपास येतं. हा आकडा तोंडपाठ असेल तर बाजारातली बातमी ऐकताक्षणी तुम्हाला कळतं की घाबरायचं किती. असेच आकडे खोबरं, तेल आणि पाकिटं यांचे काढा.

घरखर्चाचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात असेल तर यातलं काहीच दिसणार नाही. वेगळं खातं याचसाठी.

पायरी ४: माणसं

हंगाम मार्च ते मे. तेव्हा सगळ्यांनाच माणसं हवी असतात. माझ्याकडे पाच जणी येतात, त्यातल्या दोघी वर्षभर. जी वर्षभर येते तिला पावसाळ्यातही काम द्यावं लागतं, म्हणून मी जून ते सप्टेंबर मेतकूट आणि तिळकूट करते. त्यात नफा थोडा आहे, पण उन्हाळ्यात हात तयार मिळतात. कुणी नवी आली तर तिला आधी देठं काढायला बसवा, भाजायला नको. भाजणीचं नाक यायला एक हंगाम जातो.

पैसे ठरल्या तारखेला द्या. एवढं पाळलं तर बाकीचं बरंच निभावतं.

पायरी ५: मिरचीचा बाजार समजून घ्या

इथे थोडं थांबते, कारण नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

आमच्या चटणीत रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी किंवा गुंटूर आणि चवीसाठी मिळाली तर संकेश्वरी पडते. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, गुंटूर आंध्रातली. म्हणजे कोल्हापुरातल्या चटणीचा भाव तिकडच्या पावसावर ठरतो. नवी मिरची साधारण जानेवारीपासून बाजारात येते आणि मार्च-एप्रिलमध्ये आवक भरात असते.

मिरचीला एक चक्र आहे. एका वर्षी भाव चढला की पुढच्या वर्षी सगळे मिरची लावतात, आवक वाढते आणि भाव पडतो. मार्च २०२४ मध्ये ब्याडगीच्या बाजारात भाव असे कोसळले की शेतकऱ्यांचा संताप अनावर झाला, बाजार समितीच्या कार्यालयाची तोडफोड झाली, गाड्या जाळल्या गेल्या. त्या वर्षी आम्हाला मिरची स्वस्त मिळाली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आपला नफा कुणाच्या पडलेल्या भावावर उभा आहे हे माहीत असलेलं बरं. त्यामुळे मोसमाच्या शेवटी भाव चढले तर मी व्यापाऱ्याशी फार घासाघीस करत नाही.

करायचं काय:

एकाच वेळी सगळी खरेदी करू नका. मी तीन हप्त्यांत घेते, फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या मध्याला आणि एप्रिलमध्ये. भाव वर गेला काय आणि खाली आला काय, सरासरी पदरात पडते.

शीतगृहातली जुनी मिरची आणि यंदाची नवी मिरची यांत फरक करायला शिका. जुनीचा रंग मळकट होतो, वास मंद होतो. स्वस्त म्हणून घेतली तर रंगासाठी ब्याडगी वाढवावी लागते आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

पोतं खालपर्यंत उघडून बघा. वर कडक मिरची आणि मध्ये ओलसर असं होऊ शकतं. ओलीचं वजन तुम्ही मिरचीच्या भावाने विकत घेता, शिवाय त्यात बुरशी धरण्याचा धोका असतो. मूठभर मिरची हातात दाबा. खुळखुळली तर घ्या, दबली तर सोडा.

व्यापारी दोन ठेवा. एकाशी संबंध चांगले असले तरी दोन.

मिरचीशिवाय बाकीचे जिन्नसही जगाशी जोडलेले असतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावचे भाव उतरले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क लावून. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त आयात करतो. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क सगळं मिळून ५.५ वरून २७.५ टक्के झालं, तेही दिवाळीच्या तोंडावर. मे २०२५ च्या शेवटी ते पुन्हा १६.५ वर आलं. २०२५ मध्ये खोबऱ्याने तर विक्रमी भाव दाखवला. मी तेव्हा प्रमाण बदललं नाही. पाकिटावरचा भाव वाढवला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी आठवडाभर कळवलं. खोबरं कमी करून भाव तोच ठेवणाऱ्यांना पहिल्या महिन्यात बरं वाटतं. पण चव बदलल्याचं गिऱ्हाईक तोंडावर सांगत नाही, पुढच्या वेळी येत नाही, एवढंच.

पायरी ६: नियम, एका बैठकीत

यातलं काहीच अवघड नाही, पण क्रम चुकला की फेऱ्या वाढतात.

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी सर्वांत आधी. मी २०१८ मध्ये काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर चालू मर्यादा आणि फी बघून घ्या. मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर आणि बिलावर छापायचा.

दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या साइट्स हजार-दोन हजार रुपये मागतात. पैसे मागितले की समजा, जागा चुकली.

तिसरं, दुकान कायदा. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील (मूळ कायद्यात दहापेक्षा कमी) तर पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पोच घ्यायची. बँकेत चालू खातं काढताना हीच पोच मागतात.

चौथं, वैधमापनशास्त्र, म्हणजे वजन-मापांचे नियम. तुम्ही पाकीट भरून विकत असाल तर पॅकर म्हणून नोंदणी लागते. पाकिटावर निर्मात्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्यात भर पडते: घटकांची यादी जास्त वजनाच्या जिनसापासून कमीकडे, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख.

आता सापळे.

*सुटी विक्री.* गावात डब्यातून चमच्याने काढून चटणी देणं आपल्याला साधं वाटतं. नियमांनुसार कुटलेला किंवा दळलेला मसाला पाकीटबंदच विकावा लागतो. जत्रेतल्या स्टॉलवरही.

*निपाणीचं पार्सल.* मालासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला ४० लाख आहे, म्हणून आम्ही सगळ्या निर्धास्त असतो. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की ही मर्यादा लागू राहत नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. कोल्हापूरहून निपाणी चाळिसेक किलोमीटरवर आहे, तिथे माणसं मराठी बोलतात, पाव्हणे राहतात, पण राज्य कर्नाटक. बेळगावचंही तेच, आणि पणजी तर गोव्यात. ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या आधी सीएकडे अर्धा तास बसा. मी हे उशिरा शिकले.

*घरचा सिलिंडर.* १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा घ्या. त्याचा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, तोही वहीत लिहा.

पायरी ७: जवळच्या वर्तुळाशी आधी बोला

दुकानदाराला माल दिला की तो विचारतो, "ताई, पैसे माल खपल्यावर दिले तर चालेल ना?" आपण संकोचाने "चालेल" म्हणतो. मीही म्हटलं होतं. एका दुकानात माझे पैसे पाच महिने अडकले होते आणि त्याच पाच महिन्यांत मिरचीचा हंगाम येऊन गेला. मला महाग मिरची घ्यावी लागली ती बाजारामुळे नव्हे, त्या "चालेल"मुळे.

तुम्ही उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याचा आधार आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस, त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं. मी कुणावर दावा केलेला नाही. पण बिलाच्या खाली "देय मुदत ३० दिवस" आणि उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून उधारी निम्म्याने आटोक्यात आली. नवीन दुकानाला पहिला माल रोखीने, दुसरा अर्धा रोखीने, तिसऱ्यापासून मुदतीवर, असा माझा रिवाज आहे.

गिऱ्हाईकही बाहेरचं आहे आणि ते एकसारखं नाही. कोल्हापूरचं गिऱ्हाईक तिखट कमी पडलं तर रागावतं, पुण्याचं जास्त झालं तर. दोन प्रकार करा, पण दोनच. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी सात प्रकार केले आणि सातही थोडे थोडे उरले.

मोठ्या कंपनीच्या पाकिटाशी भावात लढू नका. आपण किलोने घेतो, ती त्याच्या हजारपट माल एका वेळी घेते, ते गणित आपलं नाही. आपल्याकडे ताजेपणा आहे, तारीख आहे आणि फोन उचलणारं माणूस आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातल्या काही नामांकित मसाल्यांवर एथिलीन ऑक्साइड या रसायनाच्या कारणाने कारवाई केली, तेव्हा माझ्या गल्लीतल्या गिऱ्हाइकांनीही विचारलं, तुमच्यात काय काय असतं? त्या महिन्यात मी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक नमुना तपासून घेतला आणि अहवालाची प्रत दुकानात लावली. खर्च झाला, पण ज्या प्रश्नाने धंदा बसला असता त्याच प्रश्नाने नवी गिऱ्हाइकं आणली.

पायरी ८: पाऊस

आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात दोन्ही आकडे कोल्हापूरकरांच्या तोंडी असतात, पण धंद्याच्या वहीत फार थोड्यांच्या. माझ्या वहीत असं आहे:

- मृग लागायच्या आत सगळं कुटण संपवायचं. त्यानंतर फक्त पाकिटं भरायची
- तयार माल जमिनीपासून चार फूट वर, लोखंडी मांडणीवर
- १५ जुलैच्या आत एकतृतीयांश माल पुण्यात नणंदेच्या घरी
- ३५ फुटांना बाहेरगावच्या ऑर्डर निघाल्याच पाहिजेत
- ३९ फुटांना गाळ्यातली मोटार आणि काटा वर, मीटरचा मुख्य खटका बंद
- ४३ फुटांची वाट बघायची नाही

तुमच्या गावी नदी नसेल, पण दुष्काळ असेल, किंवा घाट बंद पडत असेल, किंवा वीज जात असेल. कुठलाही लांबचा धोका असा आकड्यात किंवा तारखेत बांधता येतो. "पाऊस जास्त झाला तर बघू" हे वाक्य वहीत नको. किती झाला तर, आणि नेमकं काय, हे हवं.

पायरी ९: रेघा जोडा

आता तिसऱ्या आणि दुसऱ्या पानावरची एकेक गोष्ट घ्या आणि तिथून पहिल्या पानावर रेघ ओढा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे उद्या घडलं तर माझ्या आतली कुठली गोष्ट आधी तुटेल?

मिरची महाग झाली: पैसा तुटेल, कारण हंगामात हातात रोकड नसते. म्हणून दिवाळीच्या विक्रीतला ठरावीक भाग मार्चपर्यंत हात न लावता ठेवायचा. नियम बदलला: पाकिटं तुटतील, कारण वर्षभराची छापून ठेवली होती. म्हणून पाकीट साधं आणि मजकुराचं लेबल वेगळं, तीन महिन्यांपुरतं. मुख्य भाजणारी बाई गावी गेली: प्रमाण तुटेल, जर ते तिच्याच डोक्यात असेल तर. मी आजारी पडले: सगळंच तुटेल, कारण व्यापाऱ्याचा फोन नंबर माझ्याच मोबाईलमध्ये आहे. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर सगळे नंबर आणि घरात एकाला ते पान कुठे आहे ते माहीत.

रेघा ओढून झाल्या की मोजा. ज्या आतल्या गोष्टीवर सर्वांत जास्त रेघा येऊन पडतात, ती आधी दुरुस्त करा. माझ्या वहीत सर्वांत जास्त रेघा हातातल्या रोकडीवर येऊन थांबल्या होत्या. तोपर्यंत मी नवं यंत्र घ्यायचा विचार करत होते. कर्जही मंजूर होत होतं. रेघा मोजल्यावर यंत्र एक वर्ष पुढे ढकललं आणि उधारी वसूल करायला लागले. तुमच्या रेघा यंत्रावर आल्या तर जरूर यंत्र घ्या. अन्नप्रक्रियेच्या सूक्ष्म उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरलेलं आहे. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. पण अनुदान आहे म्हणून यंत्र घेऊ नका.

पायरी १०: महिन्याची पहिली तारीख

दर महिन्याच्या एक तारखेला अर्धा तास. मिरची, खोबरं, तेल, गॅस यांचे चार भाव लिहा. कुणाकडे किती येणं आहे ते लिहा. कुठली रेघ नवी आली ते बघा. चार महिने नियमाने केलं की वही आपणहून बोलायला लागते.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली, २०१९ पेक्षाही वर. महामार्ग पुन्हा बंद झाला. या वेळी माल मांडणीवर होता, पुण्याचा माल पुण्यात होता आणि खात्यात दोन महिन्यांचे पैसे होते. एक पाकीटही भिजलं नाही. पण पाणी उतरल्यावर आठ दिवस काम बंद राहिलं, कारण माझ्या पाचपैकी तिघींची घरं पाण्यात गेली होती. एक सुतारवाड्यातली, तिथे पाणी सगळ्यात आधी येतं आणि मला ते माहीत होतं. माल कुठे ठेवायचा याचा एवढा विचार केला होता, त्यांना कुठे ठेवायचं याचा केलाच नव्हता. आता वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या गल्लीत किती फुटाला पाणी येतं तो आकडा आहे, आणि त्याच्या दोन फूट आधी तिने मुलाबाळांसह आमच्या माडीवर यायचं असं ठरलेलं आहे.